हेच नाव का घेतलंत?

नमस्कार, श्रोतेहो.

१९९९ साल. मुंबईची रेडिफ ही कंपनी तेव्हा नवी होती, पण इंटरनेट वापरणाऱ्या मूठभर भारतीयांना रेडिफ डॉट कॉम ठाऊक झालं होतं. रेडिफ हे नाव आलं रेडिफ्यूजन या जाहिरात कंपनीच्या नावावरून. एवढ्यात कुणीतरी इंटरनेटवर दुसरा पत्ता नोंदवला, रॅडिफ डॉट कॉम. इंग्रजी स्पेलिंगमधला ई काढला, तिथे ए बसवला, बाकी सगळं तेच. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ए. पी. शहा यांच्यापुढे आलं.

प्रतिवादी म्हणाले, आम्ही कुणाची नक्कल केलेली नाही, हे नाव आम्ही स्वतः घडवलंय. 'रॅडिकल'ची पहिली तीन अक्षरं घेतली, 'इन्फर्मेशन'चा आय घेतला, 'फ्यूचर'चा एक एफ आणि 'फ्री'चा दुसरा एफ. जोडा, झालं रॅडिफ! न्यायालयानं हे सगळं ऐकून घेतलं आणि मनाई हुकूम दिला. रेडिफच्या नावलौकिकावर स्वार होण्याखेरीज हे नाव घ्यायला दुसरं कारण दिसत नाही, असा त्या निकालाचा रोख होता.

गंमत अशी, की आद्याक्षरांची ही युक्ती पुढे थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचली. सत्यम इन्फोवे कंपनीनं आपल्या नावातून 'सिफी' हा शब्द बनवला होता आणि सिफीनेटसारखी बरीच डोमेन नावं, म्हणजे इंटरनेटवरचे पत्ते, घेतली होती. बेंगळुरूच्या एका कंपनीनं मधे एक एफ वाढवला आणि तेच नाव नोंदवलं. विचारल्यावर उत्तर आलं, ही तर आमच्या पाच प्रवर्तकांच्या नावांची आद्याक्षरं! खालच्या न्यायालयानं मनाई केली, कर्नाटक उच्च न्यायालयानं ती उठवली, आणि ६ मे २००४ला सर्वोच्च न्यायालयानं ती पुन्हा लागू केली. आद्याक्षरांची गोष्ट काही पचली नाही.

आता मुळात ही भांडणं होतात कशी? डोमेन विकणारी कंपनी, म्हणजे रजिस्ट्रार, एवढंच बघते की नाव मोकळं आहे का. मोकळं असेल तर पैसे भरा आणि घ्या. तुमचा त्या नावावर हक्क आहे का, हे कुणी विचारत नाही. म्हणून कित्येकांना वाटतं, जो आधी आला त्याचं नाव. शिवाय ट्रेडमार्कच्या, म्हणजे मालाची ओळख सांगणाऱ्या नावा-चिन्हांच्या जगात एकाच नावाचं तेल, एकाच नावाच्या छत्र्या आणि एकाच नावाची शिकवणी सुखानं नांदू शकतात. तिथे मालाचे, सेवांचे वर्ग वेगळे असतात. डॉट कॉम मात्र एकच, आणि ते रत्नागिरीतून उघडा की टोरांटोतून, तेच उघडणार.

आपल्याकडे डोमेन नावांच्या भांडणांसाठी वेगळा कायदा नाही. सर्वोच्च न्यायालयानं त्या २००४च्या निकालात हे स्पष्ट सांगितलं, आणि पुढे हेही सांगितलं की डोमेन नाव हे ट्रेडमार्कसारखंच काम करू शकतं, तेव्हा ट्रेडमार्कचीच तत्त्वं इथे लावता येतील. त्यातलं मुख्य तत्त्व वकिलांच्या भाषेत 'पासिंग ऑफ', म्हणजे आपला माल दुसऱ्याच्या नावावर खपवणं. त्यासाठी ट्रेडमार्क नोंदलेला असावाच लागतो असंही नाही. याहूचंच बघा. १९९९मध्ये 'याहूइंडिया डॉट कॉम' चालवणाऱ्यांनी दिल्ली उच्च न्यायालयात सांगितलं, याहूचा भारतात ट्रेडमार्क नाही, आणि इंटरनेट वापरणारी माणसं शहाणी असतात, ती फसायची नाहीत. दोन्ही मुद्दे टिकले नाहीत.

इथपर्यंत सगळं सोपं वाटतं: मोठी कंपनी जिंकते. थांबा. मला ज्याविषयी खरं बोलायचंय ते पुढे आहे.

शादी डॉट कॉम चालवणारी कंपनी मुंबई उच्च न्यायालयात दोनदा न्यायमूर्ती गौतम पटेल यांच्यापुढे आली. २०१४मध्ये समोर होतं 'शादी ही शादी डॉट कॉम'. त्यांनी आपल्या संकेतस्थळाच्या आतल्या मजकुरात शादी डॉट कॉमचं नाव पेरून ठेवलं होतं, म्हणजे गूगलवर तिकडे जाऊ पाहणारा माणूस इकडे वळावा. न्यायालयानं सुरुवातीच्या टप्प्यावरच त्यांना रोखलं. २०१६मध्ये समोर आलं 'सेकंड शादी डॉट कॉम', पुन्हा लग्न करू पाहणाऱ्यांसाठीचं. या वेळी शादी डॉट कॉमच्या पदरी निराशा आली. 'शादी' हा रोजच्या वापरातला शब्द, लग्न जुळवणाऱ्यानं तो वापरायचा नाही तर काय वापरायचं?

शब्द तोच, वादी तोच, न्यायमूर्ती तेच. पहिल्या वेळी समोरच्याची वागणूक नडली, दुसऱ्या वेळी तसं काही दाखवता आलं नाही आणि शब्दही कुणा एकाच्या मालकीचा नव्हता. मला दोन्ही निकाल बरोबर वाटतात. आपल्याकडे 'घरगुती मसाले', 'ताजी भाजी', 'कोकण मेवा' अशी नावं ठेवायची हौस फार. ग्राहकाला ती पटकन कळतात, हे खरं. पण उद्या शेजारच्या तालुक्यातल्या माणसानं आगेमागे एक शब्द लावून तेच नाव घेतलं, तर त्याला अडवताना तुमच्या वकिलाला घाम फुटेल. 'सिफी'सारखा घडवलेला शब्द सुरुवातीला कुणाला कळत नाही, कोर्टात मात्र तोच तगतो.

आणि नाव स्वतःचंच असेल तर? अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यात उझी निसान नावाचे गृहस्थ होते. निसान हे त्यांचं आडनाव. संगणकांच्या धंद्यासाठी त्यांनी १९९४मध्ये निसान डॉट कॉम घेतलं. १९९९मध्ये निसान मोटर कंपनीनं त्यांच्यावर एक कोटी डॉलरचा दावा लावला. वर्षानुवर्षं खटला चालला. त्यांच्या पानावर मोटारींच्या जाहिराती झळकल्या होत्या, तेवढ्यावर न्यायालयानं बोट ठेवलं. नाव मात्र त्यांच्याकडेच राहिलं. २०२०मध्ये ते वारले तोपर्यंत निसान मोटरला ते मिळालं नव्हतं. जिंकले, पण या लढाईत त्यांचा पैसा आणि उमेद किती गेली असेल!

डॉट कॉमचं भांडण दर वेळी कोर्टातच जातं असं नाही. १९९९पासून त्यासाठी एक आंतरराष्ट्रीय पद्धत आहे आणि त्यातली बरीच प्रकरणं जिनिव्हाच्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे जातात. तक्रारदारानं तीन गोष्टी दाखवायच्या: नाव माझ्या ट्रेडमार्कशी फसवं साम्य असलेलं आहे, समोरच्याचा त्यावर रास्त हक्क नाही, आणि त्यानं ते वाईट हेतूनं घेतलं नि वापरलं. नाव तुमच्याकडे येईल किंवा रद्द होईल, नुकसानभरपाई मिळणार नाही. गायक स्टिंगनं २००० साली इथेच स्टिंग डॉट कॉम मागितलं आणि तो हरला. स्टिंग म्हणजे इंग्रजीत नांगीचा डंख, साधा शब्द! आपल्या डॉट इनसाठी निक्सी ही संस्था लवाद नेमते.

जाता जाता कामाचं सांगतो. छोट्या उद्योगाला किंवा एकट्या माणसाला ट्रेडमार्कचा ऑनलाइन अर्ज करायला एका वर्गासाठी ४,५०० रुपये शुल्क पडतं. वायपो, म्हणजे ती जिनिव्हाची संस्था, एका सदस्याच्या समितीसाठीच १,५०० डॉलर घेते. आणि आज घरी गेल्यावर एक बघा: तुमच्या दुकानाचं, संस्थेचं, मंडळाचं डोमेन नेमकं कुणाच्या नावावर आहे? वेबसाइट करून देणाऱ्या मुलानं ते स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घेतलेलं असतं, असं फार वेळा होतं. त्याच्या मनात काही नसतंही. पण तो बेंगळुरूला नोकरीला गेला आणि नूतनीकरणाची सूचना त्याच्या जुन्या ईमेलवर पडून राहिली, तर मुदत संपल्यावर ते नाव कुणीही उचलू शकतं. त्याला आजच फोन करा.

नमस्कार.