रबाळ्याचा गाळा आणि ४५ दिवस

नमस्कार मंडळी. लेकीकडे दीड महिन्यासाठी आलो, तर मंडळाने 'उद्योजकता आणि देशाचा विकास' हा विषय गळ्यात घातला. मी काही अर्थतज्ज्ञ नाही. नवी मुंबईत रबाळे एमआयडीसीत पितळेचे सुटे भाग बनवायचा माझा गाळा आहे. तिथून जेवढं दिसतं तेवढंच बोलतो.

खिशात एक तुकडा आणलाय, हा पाहा. बोटाच्या पेराएवढा. पितळेचा रॉड जामनगरहून येतो. आमच्याकडे लेथवर टर्निंग, ड्रिलिंग, मग आटे पाडणं. प्लेटिंग मागच्या गल्लीत, ते आम्ही करत नाही. खाली पडलेला पितळेचा चुरा भंगारवाला वजनावर नेतो, तो वितळून पुन्हा रॉड होतो. टेम्पोवाला, चहाची टपरी, डबेवाली मावशी, जीएसटी भरणारा अकाउंटंट, सगळ्यांची चूल या तुकड्यावर थोडीथोडी पेटते. पेपरात जीडीपीचा आकडा वाचला की मला हाच चुरा आठवतो.

१९९१ साली एका जुन्या लेथवर सुरुवात केली. तेव्हापासून माझ्याकडे शिकलेल्या तिघांनी स्वतःचे गाळे टाकले. त्यातल्या एकाने तर माझीच पार्टी, म्हणजे गिऱ्हाईक, फोडली! (हसू नका, चार महिने झोप उडाली होती.) पण आज त्याच्याकडे नऊ माणसं कामाला आहेत. माझा तोटा झाला, देशाचा नाही. दसऱ्याला मशीनला हार घालताना तो अजून फोन करतो.

आता यात सगळं कर्तृत्व आमचंच, असं समजू नका. एमआयडीसी १९६२ साली ठाण्यातच, वागळे इस्टेटमध्ये सुरू झाली. रस्ता, पाणी, वीज आधी आली, मग आमच्यासारखे आले. डोंगरावर नुसती जिद्द घेऊन बसलो असतो तर लेथ फिरला नसता.

आमच्या धंद्याचा गळा आवळते ती उधारी. माल आज जातो, पैसे चार-पाच महिन्यांनी. तोवर पगार, वीजबिल, बँकेचं व्याज कुठे थांबतंय? २००६ च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघू उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. २०२४ पासून आयकरातही मेख मारलीय: माल घेणाऱ्याने मुदतीत पैसे दिले नाहीत, तर त्याचा कर मोजताना तो खर्च ज्या वर्षी पैसे देईल त्याच वर्षी वजा धरला जाणार. कागदावर उत्तम. पण पार्टीवर तक्रार करायची म्हणजे पुढची ऑर्डर गेलीच म्हणून समजा. एका बड्या गिऱ्हाइकाकडे माझं बिल सात महिने अडकलं, तेव्हा बायकोच्या बांगड्या गहाण ठेवून पगार केले. तक्रार केली नाही. आजही त्यांनाच माल देतो.

तुमच्यापैकी काही जण मोठ्या कंपन्यांच्या खरेदी खात्यात आहात, मघाशी जेवताना कळलं. तुमचा माल भारतातून येत असेल, तर ऑफिसात गेल्यावर एकदा बघा, तो पुरवणाऱ्याच्या खाली गाळेवाला कोण आहे आणि त्याला पैसे किती दिवसांनी पोचतात.