विंगेतले पाहुणे

श्रोतेहो, नमस्कार.

रंगमंचावर उभं राहायची हौस मला कधीच नव्हती. पुण्यात कॉलेजात असताना पुरुषोत्तमच्या दिवसांत भरत नाट्य मंदिराच्या विंगेत मी लेव्हल्स हलवल्या, प्रॉपर्टी सांभाळली, एंट्री विसरलेल्यांना मागून ढकललं. लग्न होऊन न्यू जर्सीला आले, तरी ती खोड गेली नाही. मुलीच्या शाळेत नाटक बसतंय, मदतीला पालक हवेत, अशी चिठ्ठी आली की माझं नाव ठरलेलं. त्या वर्षी नाटक होतं ‘ब्रुंडिबार’. त्याच्यापायी नाझींच्या तावडीतून वाचलेली दोन माणसं मला भेटली, तीही व्यासपीठावर नव्हे, तर कपडेपटाच्या पसाऱ्यात.

आधी नाटकाविषयी. ही लहान मुलांची संगीतिका, जेमतेम पाऊण तासाची. अनिंका आणि पेपिचेक ही बहीणभावंडं. वडील नाहीत, आई आजारी, तिला दूध द्यायला सांगितलंय आणि घरात पैसा नाही. मुलं बाजारात गाणी म्हणून चार पैसे मिळवू बघतात. तिथे ब्रुंडिबार नावाचा माणूस दांडा फिरवून वाजवायची पेटी घेऊन उभा असतो, तो त्यांना हुसकावतो. मग चिमणी, मांजर, कुत्रा आणि गावातली झाडून सगळी पोरं एक होतात आणि त्याचीच हकालपट्टी करतात. गोष्ट एवढीच, आपल्या बालनाट्यातही सहज खपून जाईल अशी.

प्रागचे संगीतकार हान्स क्रासा यांनी ती १९३८ मध्ये रचली, शब्द आडॉल्फ हॉफमाइस्टर यांचे. पुढच्याच वर्षी जर्मन फौजा प्रागमध्ये शिरल्या आणि ज्यूंना नाट्यगृहांची दारं बंद झाली. मग शहरातल्या ज्यू अनाथाश्रमातल्या मुलांनी ती गुपचूप बसवली. त्या प्रयोगाला क्रासा नव्हते. ऑगस्ट १९४२ मध्येच त्यांची रवानगी तेरेझीनला झाली होती. तेरेझीन म्हणजे प्रागच्या उत्तरेला साधारण साठ किलोमीटरवरचं जुनं तटबंदीचं गाव. मूळ वस्ती सहा-सात हजारांची, तिथे सप्टेंबर १९४२ मध्ये ५८ हजारांवर ज्यू कोंबलेले होते. पुढे अनाथाश्रमातली मुलंही तिथेच आली, सामानात लपवून पियानोची स्वरलिपी आली, आणि छावणीत जे वादक हाताशी होते त्यांच्यासाठी क्रासांनी सगळं संगीत नव्याने लिहून काढलं. गिटार होती, अ‍ॅकॉर्डियन होता, चार व्हायोलिनं होती. २३ सप्टेंबर १९४३ ला तिथला पहिला प्रयोग झाला. वर्षभरात ५५ झाले.

न्यू जर्सीत १९९४ पासून हा इतिहास शाळेत शिकवणं कायद्याने सक्तीचं आहे, त्यामुळे छावणीतून वाचलेली माणसं शाळेत येणं नवलाचं नाही. बहुधा त्यांना हॉलमध्ये खुर्चीवर बसवतात, माइक देतात, मुलं एकेक प्रश्न वाचून दाखवतात, शेवटी टाळ्या. आमच्या पाहुण्या बाईंनी मात्र अट घातली होती, “भाषण नंतर. आधी तालीम बघेन.” लहानपणी त्या तेरेझीनच्या मुलींच्या वसतिगृहात होत्या आणि काही प्रयोगांत कोरसमध्ये गायल्या होत्या. सोबत एक आजोबा होते. त्यांचा या नाटकाशी काही संबंध नव्हता. ते पोलंडमधल्या लोड्झ शहराचे. “हिला गाडी चालवता येत नाही म्हणून आलो,” एवढीच त्यांनी स्वतःची ओळख करून दिली. दोघांची नावं इथे सांगत नाही.

दोघं आले तेव्हा मी टेबलावर पिवळ्या फेल्टचे तारे मांडत होते. मुलांच्या पोशाखावर ज्यूंचा तारा लावायचा, असं दिग्दर्शिका बाईंनी ठरवलं होतं. पाहुण्या बाईंनी एक तारा उचलला, उलटसुलट केला आणि विचारलं, “हे कशाला?” मी सांगितलं. त्या म्हणाल्या, “अगं, स्टेजवर आम्ही हा काढायचो. तेवढीच मुभा होती. प्रयोग संपला की पुन्हा अंगावर.” दिग्दर्शिका बाईंचं म्हणणं, की प्रेक्षकांना संदर्भ कळायला हवा. त्यावर बाई शांतपणे म्हणाल्या, “मग त्यांना छापील पत्रिका द्या. मुलांना खेळू द्या.” तारे पुन्हा डब्यात गेले.

आजोबांनी मात्र एक ठेवून घेतला होता. त्यांची नजर शिंप्याची. त्यांच्याकडे तारा एक नसायचा, दोन असायचे, एक छातीवर आणि एक पाठीवर. “आणि फेल्टची कड सुटत नाही. आमचं कापड सुटायचं. कड आत दुमडून चांगली घट्ट शिवावी लागायची, लोंबता तारा दिसला तर मार.” लोड्झमध्ये ज्यूंना कोंडलेल्या वस्तीत दहा-अकरा वर्षांची पोरंसुद्धा कारखान्यात कामाला लागत, कारण काम नसलेल्याचं नाव आधी हद्दपारीच्या यादीत जायचं. आजोबा जर्मन सैन्याचे गणवेश शिवणाऱ्या विभागात होते, शिवण तिथेच शिकले. हे सगळं त्यांनी बोलता बोलता सांगितलं, कारण तोवर आमच्या कुत्र्याचं तुटलेलं शेपूट त्यांच्या हातात गेलं होतं. अंगुस्तान आहे का, विचारलं. माझ्याकडे कुठलं! मग खिशातून त्यांचं स्वतःचं निघालं, टोक उघडं असलेलं, मधल्या बोटात बसणारं. सुई ते बोटाच्या कडेने ढकलत, शेंड्याने नाही. टाके इतके बारीक, की शो संपल्यावरही ते शेपूट उसवायला मला ब्लेड लागलं.

शिवता शिवताच त्यांनी मला विचारलं, “तुमच्याकडे ज्यू आहेत?” मी म्हटलं, आहेत तर. अलिबाग, रेवदंडा, नवगाव, शेकडो वर्षांपासून. तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटलं. घरात मराठी, सणाला पुरणपोळी. आजोबांनी सुई थांबवली. “आणि कुणी त्रास दिला नाही?” ज्यू म्हणून नाही, मी म्हटलं. त्यांनी आणखी काही विचारलं नाही, पण जाताना अलिबागचं स्पेलिंग कागदावर लिहून घेतलं.

ब्रुंडिबारचं काम करणारा आमचा मुलगा गेले आठ दिवस घुश्शात होता. त्याला कुणीतरी सांगितलं होतं, की ब्रुंडिबार म्हणजे हिटलर. घाबरत घाबरत त्याने बाईंनाच विचारलं, “मी वाईट आहे का?” बाई हसल्या. तेरेझीनमध्ये हे काम होन्झा ट्राइश्लिंगर नावाचा अनाथ मुलगा करायचा. छावणीतली पोरं त्याच्यावर फिदा होती, त्याला रस्त्यात गाठायची, कारण तो खोटी मिशी अशी काही थरथरवायचा की सगळे लोटपोट. “मिशी हलली पाहिजे,” त्यांनी बजावलं. हिटलरबद्दल त्या म्हणाल्या, आम्हाला कुणी काही समजावून सांगितलं नव्हतं, गरजच नव्हती. शेवटच्या गाण्याला सगळी गर्दी उठून उभी राहायची. “आम्हाला जिंकायला आवडायचं,” त्या म्हणाल्या, “आणि दर प्रयोगाला जिंकायचो.”

नेपथ्याबद्दल त्या भलत्या काटेकोर होत्या. तिथलं नेपथ्य फ्रांटिशेक झेलेंका यांचं, प्रागच्या मोठमोठ्या रंगमंचांवर काम केलेला माणूस. त्यांनी फळ्यांचं एक कुंपण उभारलं होतं, त्यावर तीन प्राण्यांची चित्रं, आणि तोंडाच्या जागी भोकं. मुलांनी त्यातून डोकी बाहेर काढायची. मांजराच्या मिशा बुटाच्या पॉलिशने रंगवलेल्या. आमचं कुंपण फार गुळगुळीत आहे, अशी बाईंची तक्रार होती. सँडपेपरने घासायला मीच लावलं होतं, पण ते बोलले नाही.

दुसऱ्या दिवशीची गोष्ट. आमच्या कोरसमधला एक मुलगा तापाने आडवा झाला. मी पॅड घेऊन बदली शोधत होते. कागदावर तीन रकाने होते, भूमिका, नाव आणि बदली. बाईंनी तो कागद हातात घेतला आणि बराच वेळ वाचला. “ही यादी किती वेळा बदललीस?” म्हटलं, ही पहिलीच. “आमची दर गाडीनंतर बदलायची,” त्या म्हणाल्या. गाडी म्हणजे पूर्वेकडे, ऑशविट्झच्या मृत्यूछावणीकडे जाणारी. गाडी सुटली की कोरसमध्ये जागा रिकाम्या. पण अडायचं नाही, कारण गाणी सगळ्या पोरांना तोंडपाठ होती. वसतिगृहातून कुणालाही उभं करा, तो गायचा. हे त्यांनी एखाद्या व्यवस्थापकाच्या आवाजात सांगितलं, आणि मलाही ते व्यवस्थापकाच्या कानांनीच ऐकू आलं. ५५ प्रयोग झाले असं आपण कौतुकाने म्हणतो. एका नाटकाला ५५ प्रयोगांत किती बदली लागतात, हे पडद्यामागच्या माणसाला विचारा.

आता जरा कडू बोलते. या नाटकाचा विषय निघाला की लोकांना ‘कलेने तारलं’ असं म्हणायची घाई होते. २३ जून १९४४ ला रेडक्रॉसची माणसं तेरेझीन बघायला आली. गर्दी कमी दिसावी म्हणून मे महिन्यात साडेसात हजार माणसं ऑशविट्झला पाठवून झाली होती. भिंती रंगवल्या, फुलझाडं लावली, नाटकाला मोठा हॉल दिला. पाहुण्यांनी ‘ब्रुंडिबार’ पाहिलं आणि समाधानाने परत गेले. मग प्रचारपटासाठी त्याचं चित्रीकरणही झालं. मुलांचं गाणं खरं होतं, आणि त्याच गाण्याआड जगाला फसवलं गेलं. यातलं एक सांगून दुसरं गाळायचं, हे मला पटत नाही. सप्टेंबरच्या अखेरीपासून महिनाभरात अकरा गाड्या सुटल्या, अठरा हजारांवर माणसं गेली. क्रासा, झेलेंका, मिशी थरथरवणारा होन्झा, सगळे त्यांतच. त्यानंतर प्रयोग झाला नाही. बदलीला कुणी उरलंच नव्हतं.

आमचा शनिवारचा प्रयोग रंगला. पोरांनी दणक्यात म्हटलं, मिशी हलली. नंतर बाईंचं भाषण झालं, तेही चांगलंच झालं, पण मला सांगण्यासारखं त्यात फारसं नवं नव्हतं. ते सगळं मी विंगेत ऐकलं होतं. रविवारी सकाळी सात वाजता फोन. मला वाटलं, आभार मानायला केला असेल. “ड्रम फार मोठा वाजतोय,” बाई म्हणाल्या, “चिमणीचे शब्द बुडतात. आणि अ‍ॅकॉर्डियन पुढे घे.” दुपारी आम्ही ड्रम पार मागच्या पडद्याआड नेला. प्रयोगाच्या वेळी सहज फटीतून पाहिलं, तर दोघं तिसऱ्या रांगेत हजर, तिकीट काढून आलेले, आणि आजोबा शेजारच्या माणसाला कुत्र्याचं शेपूट दाखवत होते.