चार आण्यांची गोळी

(दृश्य : तळहातावर पंचवीस पैशांचं नाणं, अगदी जवळून)

हे नाणं ओळखलंत? स्टीलचं, एका बाजूला गेंडा. खिशाला भोक असलं की सगळ्यात आधी पडायचं ते हेच. १ एप्रिल १९५७ पासून देशात दशमान पैसे आले आणि आणे हिशेबाच्या वहीतून गेले. आपल्या तोंडातून मात्र गेले नाहीत. पंचवीस पैशांना आपण ‘चार आणे’च म्हणत राहिलो. ३० जून २०११ला सरकारनं हे नाणं चलनातून बाद केलं, तेव्हा कुणी हळहळलं नाही. चार आण्यांत तोवर काही मिळतच नव्हतं.

त्याआधी मिळायचं. आणि आज बंद पडलेल्या खाऊची गोष्ट सांगायची तर ती या नाण्यापासूनच सांगावी लागेल.

(दृश्य : जुनं किराणा दुकान, गल्ल्याशेजारी बरण्या)

वाण्याच्या गल्ल्याशेजारी बरण्यांची रांग. एकीत लिमलेटच्या गोळ्या, संत्र्याच्या फोडीसारख्या, वर साखरेचे दाणे. दुसरीत श्रीखंडाच्या गोळ्या, तिसरीत जिरागोळ्या. बोरकुटाच्या पुड्या दोरीला लटकलेल्या. पाचही बोटांत घालून एकेक कुरतडायच्या त्या पिवळ्या नळ्या, म्हणजे बॉबी. आणि कागदात गुंडाळलेल्या, दोन्ही टोकांना पीळ दिलेल्या ‘कंपनीच्या’ गोळ्या. त्यांचा मान वेगळा.

पावसाळ्यात हाच कागद वैरी व्हायचा. गोळीला असा चिकटायचा की नखानं खरवडूनही निघायचा नाही. शेवटी कागदासकट तोंडात टाकायची आणि मग कागदाचा लगदा जिभेनं बाजूला काढून थुंकायचा. हे आपण सगळ्यांनी केलंय, उगाच नाही म्हणू नका.

असं का व्हायचं, ते गोळी बनते कशी यात आहे. साखर आणि पातळ ग्लुकोज एकत्र उकळून पाक जवळजवळ दीडशे अंशांपर्यंत नेतात. पाणी जवळपास सगळं उडून जातं. ग्लुकोज नसेल तर साखर पुन्हा रवाळ होते, गोळी पारदर्शक राहत नाही. मग त्यात आंबटपणासाठी सायट्रिक ॲसिड, रंग, स्वाद. लोण्यासारखा मऊ झालेला तो गोळा ओढून त्याची दोरी करायची आणि साच्यात दाबून गोळ्या पाडायच्या. पाणी इतकं काढून टाकलेलं असतं की गोळी मिळेल तिथून ओल ओढून घेते. जुलै महिन्यात कोकणात किंवा मुंबईत ती ओल कमी नसते.

(दृश्य : मालेगाव तालुक्यातला रस्ता, दोन्ही बाजूंना शेतं)

कंपनीच्या गोळ्यांतली एक आपल्या अगदी घरची. नाशिक जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यात रावळगाव आहे. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९३३मध्ये इथं ऊस आणि साखरेचा व्यवसाय उभा केला. विमान, जहाज, मोटार या तिन्हींच्या कारखान्यांशी ज्यांचं नाव जोडलंय, तेच हे वालचंद. १९४२मध्ये रावळगावनं गोळ्या काढायला सुरुवात केली. साखर घरचीच, तेव्हा हे ओघानंच आलं असणार.

मँगो मूड, कॉफी ब्रेक, आणि सगळ्यांच्या वरचढ पान पसंद. विडा खाल्ल्याचा आनंद, तोंड न रंगता! घरात पानाला बंदी असलेल्या पोरांसाठी ही मोठीच सोय होती. तिची दूरदर्शनवरची जाहिरात आठवा. एक बाई फणकाऱ्यानं म्हणते, ‘शादी? और तुमसे?’ गोळी तोंडात जाते आणि तेच शब्द लाडात येतात. एवढ्या छोट्या वस्तूची एवढी नेमकी जाहिरात नंतर फारशी झाली नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

(दृश्य : पुन्हा नाणी. पाच, दहा, पंचवीस, पन्नास पैसे)

मग या गोळ्या मागे का पडल्या? आपण पटकन म्हणतो, परदेशी कंपन्या आल्या, पोरांची आवड बदलली. ते आहेच. पण गोळीची खरी अडचण नाण्यात होती. साखर महागते, वीज महागते, मजुरी वाढते. साबणाची किंमत चाळीस पैशांनी वाढवता येते; चार आण्यांच्या गोळीची तीस पैसे कशी करणार? पोराच्या मुठीत एकच नाणं असतं. म्हणून कंपनी किंमत तशीच ठेवते आणि गोळी बारीक करते. मग आणखी बारीक. एक दिवस चार आणे सोडून आठ आण्यांवर उडी मारावी लागते, म्हणजे भाव थेट दुप्पट. आठ आण्यांवरून रुपयावर, पुन्हा दुप्पट. प्रत्येक उडीत काही गोळ्या पडतात आणि उठत नाहीत.

यात एक गंमतही झाली. सुट्टे मिळेनासे झाले आणि वाणी उरलेल्या पैशांच्या जागी गोळीच हातावर ठेवू लागला. ‘सुट्टे नाहीत, चॉकलेट घ्या.’ नाण्यानं मारलेली गोळी काही काळ स्वतःच नाणं झाली. तीच गोळी परत नेऊन दिली तर मात्र वाणी घ्यायचा नाही.

गोल्ड स्पॉटचं जाणं वेगळं. नारंगी रंगाचं ते पेय खपत असतानाच गेलं. १९९३मध्ये पार्लेनं थम्स अप, लिम्का यांच्यासोबत तेही कोका-कोलाला विकलं. नव्या मालकाकडे स्वतःचं फॅन्टा होतं. घरात दोन नारंगी कशाला? गोल्ड स्पॉट बाजूला झालं.

आणि रोला-कोला. पार्लेचीच, गोल चकत्यांची, कोलाच्या चवीची, कागदी नळीत रचलेली. २००६मध्ये बंद झाली. २०१९मध्ये ट्विटरवर एकानं विचारलं, परत आणायला किती रीट्विट लागतील? कंपनीनं उत्तर दिलं, दहा हजार. ते झाले, आणि त्याच वर्षी रोला-कोला दुकानात परतली. तेरा वर्षांपूर्वी ती चघळणारी पोरं एव्हाना पगारावर आली होती आणि ट्विटरवरही.

(दृश्य : पान पसंदची आजची पिशवी)

आठवणींना गिऱ्हाईक आहे, हे एकदा कळलं की व्यापारी गप्प बसत नाही. रिलायन्सनं २०२२मध्ये कॅम्पा कोला घेतलं आणि पुढच्या वर्षी बाजारात उतरवलं. फेब्रुवारी २०२४मध्ये रावळगावचा नंबर लागला. पान पसंद, मँगो मूड, कॉफी ब्रेक ही नावं आणि त्यांच्या कृती, सगळं मिळून सत्तावीस कोटी रुपये. स्पर्धा वाढली, खर्च वाढला, धंदा टिकवणं अवघड झालं, असं रावळगावनं सांगितलं. जमीन, इमारती आणि यंत्रं मात्र या व्यवहारात नव्हती. ती जुन्या कंपनीकडेच राहिली.

सत्तावीस कोटी. आपल्या जुन्या हिशेबानं, चार आण्याला एक या भावानं, एकशे आठ कोटी गोळ्या.