एकाच गर्भातले दोघे

(दृश्य: बेसिनवरचा आरसा. गालावर फेस, हातात रेझर.)

दाढी करताना तिची नजर हनुवटीच्या वर जात नाही. हो, तिचीच. जन्मदाखल्यावर ‘पुरुष’ लिहिलंय आणि मन ते आयुष्यभर नाकारत आलंय. या विसंगतीतून होणाऱ्या घुसमटीला जेंडर डिस्फोरिया म्हणतात. २०१३ साली डीएसएम-५ या अमेरिकी मनोविकार-नियमावलीत हे नाव आलं, आणि जुन्या नावातला ‘डिसऑर्डर’ गेला. वेगळी ओळख हा आजार नव्हे. उपचार होतात ते त्रासावर.

पण हे येतं कुठून?

(दृश्य: जुळ्या बाळांचा जुना फोटो.)

२०१२ साली, निदान एकाला तरी डिस्फोरिया असलेल्या जुळ्यांचा एक आढावा प्रसिद्ध झाला. एकसारख्या जुळ्यांच्या २३ जोड्यांपैकी ९ जोड्यांत दोघांनाही डिस्फोरिया होता. एकाच लिंगाच्या, पण भिन्न जुळ्यांच्या २१ जोड्यांत मात्र असं एकदाही आढळलं नाही. म्हणजे जनुकांचा हात असावा. मग उरलेल्या १४ जोड्या? जनुकं तीच, गर्भ तोच, तरी एकाला त्रास आणि दुसऱ्याला नाही. माझ्या मते सगळ्या कोड्याची मेख इथेच आहे.

मेंदूतही शोध झाला. १९९५ मध्ये डच संशोधकांनी सहा मृत ट्रान्स स्त्रियांचे, म्हणजे जन्मदाखल्यावर ‘पुरुष’ असलेल्या स्त्रियांचे, मेंदू तपासले. हायपोथॅलॅमसजवळचा एक इवलासा भाग बायकांच्या मेंदूतल्याएवढाच निघाला. मोठी बातमी झाली. पण त्या सगळ्यांनी इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक (हार्मोन) घेतलेलं होतं, त्यामुळे कारण कुठलं आणि परिणाम कुठला, हा वाद मिटला नाही.

गर्भातल्या संप्रेरकांचा तर्कही आहे: जननेंद्रियं आधी घडतात, मेंदूची घडण पुढेही चालू राहते, आणि दोन्ही वेळी संप्रेरकांचं प्रमाण सारखंच असेल असं नाही. पटतं. पण आज चाळिशीत असलेला माणूस गर्भात असतानाची संप्रेरकं आता मोजणार कशी?

आणि संगोपन? ‘लाडावलं म्हणून असं झालं,’ हे आयांना हमखास ऐकवलं जातं. एका जन्मजात व्यंगामुळे एक्सवाय, म्हणजे पुरुषाची गुणसूत्रं असलेल्या १४ बाळांना मुलगी म्हणून वाढवलं गेलं होतं. २००४ मध्ये छापून आलेल्या त्यांच्या अभ्यासात ८ जणांनी आपण मुलगा असल्याचं सांगितलं. नुसत्या फ्रॉक-वेण्यांनी ओळख घडत नाही.

(दृश्य: डॉक्टरांसमोरची खुर्ची.)

डॉक्टर विचारतात, “केव्हापासून?”

काहींना हे खरंच उशिरा उमगतं. ती मात्र उलट विचारते, “जाणवतंय केव्हापासून, की त्याला शब्द सापडला केव्हा?”

डॉक्टर पेन खाली ठेवतात. “दोन्ही सांगा.”