शेतकऱ्यातला अर्धा र

(पहाटेचा मोंढा, सोयाबीनचे ढीग, हमालांची पळापळ)

नांदेडचा नवा मोंढा. सोयाबीनचा सीझन लागला की इथं पाय ठेवायला जागा नसते, ही धूळ बघा, आमची लेन्स दोनदा पुसावी लागली. ढीग पडतो, बोली लागते, काटा होतो, आणि मग आडतीच्या गादीवरून शेतकऱ्याच्या हातात हिशोबाची पट्टी पडते. आपल्याला बघायचीय ती पट्टी.

(पट्टी, अगदी जवळून)

वरची ओळ वाचा. 'शेतकर्याचे नाव'. या च्या डोक्यावर रफार बसलाय. पाहिजे होतं 'शेतकऱ्याचे', तो डॅशसारखा अर्धा र. मुनीमकाकांनी लाल पेनानं गोल केलाय आणि पट्टीच्या मागं लिहून ठेवलंय, तारीख, कोणता प्रिंटर, आणि खाली 'कॉम्प्युटरवर बरोबर, कागदावर चूक'. काकांना बग रिपोर्ट, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुकीची नोंद, हा शब्दच माहीत नाही, पण इंजिनिअरिंग झालेली कितीतरी पोरं 'प्रिंट नीट येत नाय' एवढंच लिहून मोकळी होतात, त्यापेक्षा हे लई भारी.

(जुन्या लॉगबुकाचं पान)

हा फोटो अर्थातच आम्ही काढलेला नाही. ९ सप्टेंबर १९४७, हार्वर्डच्या मार्क टू कॉम्प्युटरचं लॉगबुक, आता अमेरिकेत स्मिथसोनियनच्या म्युझियममध्ये असतं. मशीनमध्ये सापडलेला पतंग, उडणारा किडा, टेपनं चिकटवलाय. इंग्रजीत बग म्हणजे किडा, म्हणून चुकीला बग म्हणणं इथूनच आलं असं सगळे ठोकून देतात, पण एडिसननं १८७८ च्या पत्रात तो वापरलाय. पतंग सोडा, शेजारचं अक्षर बघा. दुपारचे पावणेचार, रिले नंबर ७०, पॅनल एफ. कधी, कुठं, आणि पुरावा सोबत. काकांची पट्टी याच घराण्यातली.

(दोन खोल्यांचं ऑफिस, स्क्रीनवर बगझिला)

पट्टी छापणारं सॉफ्टवेअर करणारी पोरं इथं बसतात. बग नोंदवायला बगझिला, मोझिलावाल्यांनी १९९८ मध्ये काढलेलं, फुकट मिळतं. प्रत्येक बगला नंबर पडतो आणि दोन गोष्टी भराव्या लागतात, सिव्हिरिटी म्हणजे मोडलंय किती आणि प्रायॉरिटी म्हणजे घाई किती. या दोन्हींची लोक कायम खिचडी करतात. वर्षातून एकदा लागणारा रिपोर्ट सगळाच बंद पडला तर मोडलंय लई पण घाई नाही, आणि दुकानाचं नावच पाटीवर चुकलं तर मोडलंय थोडं, पण आजच्या आज पाहिजे.

आपल्या र ला काय मिळालं? दोन्हीकडं 'किरकोळ'. मराठीचा बग आला की हा रकाना आधी भरतो, हे मी बरेच वर्षं बघतोय. वरून स्टेटस 'वर्क्स फॉर मी', म्हणजे माझ्याकडं चालतंय, विषय बंद. स्क्रीनवर चालतच होतं ना!

टेस्टिंगवाल्या ताईनं पट्टीचा फोटो जोडून तो परत उघडला. तेवढ्यात हिंगोलीच्या आडतीवरून दुसरी तक्रार, आडनाव 'कुर्हाडे' छापतंय. हा वेगळा बग वाटतो, पण ताईनं त्याला डुप्लिकेट म्हणून पहिल्याला बांधलं, कारण मूळ एकच.

(कोडची एक ओळ, त्यावर बोट)

आणि मूळ हे. हा अर्धा र दोन पद्धतीनं टाइप होतो, एक नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला, ऱ घेऊन, दुसरी साधा र, हलन्त आणि मागं एक जोडणारं अक्षर जे दिसतच नाही, रुंदी शून्य. प्रिंटरला पाठवायच्या आधी ही ओळ न दिसणारी सगळी अक्षरं कचरा समजून झाडून टाकायची. ते जोडणारं गेलं की र उडी मारून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर, झाला रफार. ओळ बदलायला दहा मिनिटं, सापडायला तीन आठवडे. आता प्रत्येक नवीन व्हर्जनला शेतकऱ्याचे, कुऱ्हाडे, बोऱ्हाडे, दुसऱ्या एवढे शब्द आधी छापून बघतात.

तोवर सीझन उरकला होता, नाव जुळत नाही म्हणून काही जणांना बँकेच्या चकरा पडल्या.

(गादी, प्रिंटर चालू)

बगझिलात 'फिक्स्ड', म्हणजे दुरुस्त, झालंय, 'व्हेरिफाइड', म्हणजे तपासून खात्री, अजून नाही, ते काकांनी बघितल्यावर. इथं मी गप्प बसतो, प्रिंटरचा आवाज ऐका.

(काका पट्टी उजेडाला धरतात. लाल पेन खिशातच.)