घाव सोसले, देवपण राहिलं

मागच्या रांगेत आवाज पोचतोय ना? बरं. तर पत्रिकेत विषय छापलाय 'ग्रीक संगमरवरी पुतळे : ताठ देहापासून जिवंत देहापर्यंत'. तो विषय मीच दिलाय, त्यामुळे त्यावर बोलेनच. पण आधी तुम्हाला एका अशा पुतळ्याकडे न्यायचंय जो अडीच हजार वर्षं झाली तरी अजून उठलेलाच नाही. आडवा पडलाय. मी आयुष्यभर इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकवलं, त्यामुळे पूर्ण झालेल्या वस्तूपेक्षा अर्धवट राहिलेली वस्तू मला जास्त आवडते, कारण तिच्यात चूक दिसते.

आमची पहिली ग्रीसची ट्रिप ग्रुप टूर होती. कंपनीचं नाव घेत नाही, जेवण चांगलं होतं. पण अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयाला दिला किती वेळ? चाळीस मिनिटं! त्यातली दहा बाथरूमच्या लाइनीत गेली. मी अथेन्सजवळच्या सूनिओनला सापडलेल्या कूरोससमोर उभा, तीन मीटर उंच तो, साधारण इसवीसनपूर्व ६०० चा, नाक्सोसच्या संगमरवराचा, आणि मी त्याचे गुडघे बघतोय, तोवर टूर मॅनेजर पोरगा आला आणि म्हणाला, "काका, चला ना, पुढे पण नागडेच आहेत सगळे." तसं त्याचं चूक नव्हतं म्हणा. कूरोस म्हणजे तरुण मुलगा. उघडा, ताठ, हात मांड्यांना टेकलेले, डावा पाय पुढे, ओठांवर बारीक हसू. देवळात नवसाला ठेवायचे नाहीतर थडग्यावर उभे करायचे. पण त्या चाळीस मिनिटांचा राग माझ्या डोक्यात इतका बसला की तीन वर्षांनी आम्ही दोघं परत गेलो, या वेळी कुणाच्या झेंड्यामागे नाही, आणि अथेन्स सोडून थेट नाक्सोस बेटावर. आमची ही म्हणाली, "म्हणजे आता पुतळे सोडून खाण बघायची?" हो, खाणच बघायची!

नाक्सोसच्या बंदरावरून अपोलोनासला बस जाते. बेटाच्या पार उत्तर टोकाला. रस्ता डोंगरातून, वळणं अशी की वरंधा घाट सरळ वाटावा, ड्रायव्हर एका हाताने फोनवर बोलतोय, हीने डोळे मिटून स्तोत्र सुरू केलेलं. मधे फिलोती, अपेरान्थोस अशी गावं लागतात. उतरलो तेव्हा परतीची बस कधी ते विचारायचं राहिलं, त्याचं पुढे सांगतो. गावाच्या वरच्या अंगाला रस्त्यालगत पायऱ्या आहेत, तिकीट नाही, गार्ड नाही. चार पायऱ्या चढलो आणि समोर हा बाबा झोपलेला.

साडेदहा मीटरच्या आसपास. म्हणजे तीन मजली बिल्डिंग आडवी करा. वजन सुमारे ८० टन. डोक्याचा आकार कळतो, पायांचा कळतो, हातांच्या जागी नुसते ठोकळे, आणि हनुवटीखाली दगड राखून ठेवलाय तो दाढीसाठी. पूर्वी याला अपोलो म्हणायचे, पण अपोलोला दाढी कुठली? म्हणून आता बहुतेक जण डायोनिसस म्हणतात, द्राक्षांचा नि दारूचा देव, नाक्सोसवर त्याचा मान मोठा. मी पायापाशी वाकून हात फिरवला. आपल्याकडे पूर्वी दारावर बाई यायची बघा, 'टाकीऽऽ लावायची का पाट्याला', तिने नुकताच टाकी लावून दिलेला पाटा जसा हाताला लागतो ना, अगदी तसा. टोचाटोचा. कारण त्या काळचा ग्रीक पाथरवट टोकदार छिन्नी जवळजवळ सरळ काटकोनात धरून ठोकायचा. दगड कापायचा नाही, फोडत फोडत आत जायचं, चारी बाजूंनी थोडं थोडं. शेवटी एमरीने घासून गुळगुळीत करायचं. आपला सुतार एमरी पेपर वापरतो ना, त्यातली एमरी, आणि ती निघते कुठे, तर याच नाक्सोसवर. दगड पण इथला, पॉलिश पण इथलं.

आपल्यात म्हणतात, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. मी तिथे उभा राहून म्हटलं, अरे याने तर सगळे घाव सोसले, याचं देवपण गेलं कुठे? (हशा) बहुतेक दगडाला तडे गेले म्हणून सोडून दिला. आता यात गोम अशी की पुतळा खाणीतच ओबडधोबड कोरून घ्यायचे, म्हणजे न्यायचं वजन कमी होतं, आणि वर एक थर जाड ठेवायचा, म्हणजे वाटेत टवका उडाला तरी आतलं अंग शाबूत. नारळ सोलताना शेंडी ठेवतो तसं. एकदम हुशार पद्धत. पण तडा गेला की सगळी मेहनत पाण्यात.

दुसरा पडलाय याच बेटावर, मेलानेस गावाजवळ फ्लेरिओला, एका बागेत, लिंबाच्या झाडांमधे. हा लहान, साधारण साडेपाच-सहा मीटर, याचा पाय मोडलाय. हे लक्षात ठेवा, पाय.

इथे तुमच्यातले अर्धे जण मनात म्हणत असतील, एवढं काय, आम्ही श्रवणबेळगोळ बघितलंय. बरोबर! मीही तेच म्हणालो. बाहुबली ५७ फूट, तो अपोलोनासचा झोपलेला जेमतेम ३५. तोही दिगंबर, ताठ, हात खाली सोडलेले. आणि त्याच्या पायाशी आपली मराठी कोरलीय, 'श्रीचावुण्डराजें करवियलें', शाळेत सगळ्यांनी पाठ केलंय. पण फरक बघा. बाहुबली डोंगराच्या माथ्यावर जागच्या जागी कोरला, त्याला इंचभर हलवायचं नव्हतं. आणि पायाशी वारुळं आहेत, पायांवरून दंडांपर्यंत वेल चढलेत, ती नुसती तपश्चर्येची खूण नाही हो, तो आधार आहे! मांडीपर्यंतचा दगड भक्कम जाड राहतो. शिल्पकाराने भक्तीही साधली आणि स्ट्रक्चरही. ग्रीकांनी हट्टाने ते केलं नाही. इजिप्तकडून त्यांनी ही उभी राहायची ढब घेतली, पण इजिप्तचे लोक पाठीला दगडाचा खांब ठेवायचे, दोन पायांच्या मधला दगड काढायचेच नाहीत. ग्रीकांनी सगळं मोकळं केलं. म्हणजे सगळा भार कशावर? दोन घोट्यांवर. मी विद्यार्थ्यांना सांगायचो, स्ट्रक्चर कुठे पडेल ते बघायचं असेल तर सगळ्यात बारीक जागा शोधा.

डेलॉस बेटावरही हेच. नाक्सोसवाल्यांनी तिथे अपोलोचा सुमारे नऊ मीटरचा पुतळा उभा केला आणि चौथऱ्यावर लिहिलं की पुतळा आणि चौथरा, मी एकाच दगडाचा. केवढा तो तोरा! पुढे निकिआस नावाच्या अथेन्सच्या सेनापतीने बाजूला ब्राँझचं ताडाचं झाड अर्पण केलं, ते वाऱ्याने कोसळलं आणि पुतळ्याला घेऊन पडलं, असं प्लुटार्क नावाचा जुना ग्रीक लेखक लिहितो. आज तिथे छातीचा एक तुकडा आणि कमरेचा एक तुकडा उन्हात पडलाय, आणि एक पाऊल लंडनला ब्रिटिश म्युझियममधे. घोट्याखालचं!

हां, बसचं राहिलं. परतीची बस गेली होती. आम्ही खाली गावात समुद्राकडे तोंड करून तीन तास बसलो, तळलेली मासळी खाल्ली, आणि मग मी संध्याकाळच्या तिरप्या उन्हात परत वर गेलो. दुपारी न दिसलेले छिन्नीचे खड्डे तेव्हा एकेक सावली धरून दिसायला लागले. बस चुकली नसती तर...

चिठ्ठी आली. सात मिनिटं. अहो, आत्ताशी खाणीतून बाहेर पडतोय! बरं, पळवतो.

पहिल्या रांगेतले काका, जरा उभे राहता? डावा पाय पुढे टाका. आता दोन्ही टाचा जमिनीला घट्ट आणि कंबर दोन्हीकडे एका लेव्हलला ठेवा. वजन सारखं वाटून. बघा, अवघडले ना? बसा, थँक्यू. कूरोस शंभर-सव्वाशे वर्षं असाच अवघडून उभा होता. सामोस बेटावर इस्खेस नावाच्या माणसाने दिलेला पाच मीटरचा कूरोस आहे, त्याच्या मांडीवर दात्याचं नाव, अंगभर करड्या रेषा लाटांसारख्या फिरलेल्या, पण कंबर सरळच. मग अथेन्सला क्रोईसोस नावाचा कूरोस, इसवीसनपूर्व ५३० च्या सुमाराचा, पारोस बेटावरच्या दगडाचा. हा चोरांनी करवतीने तुकडे करून फ्रान्सला पळवला होता, १९३७ ला परत आला. याच्या मांड्या भरल्या, पोटात श्वास आहे, पण कंबर? सरळ. मग ५०० च्या सुमाराचा अरिस्तोदिकोस, याचे हात अंगापासून सुटले, कंबर तरीही सरळ. म्हणजे शिल्पकार एकेक स्नायू सोडवत चालले होते, फक्त वजन कुठे टाकायचं तो प्रश्न सुटत नव्हता.

तो सुटला ४८० च्या आसपास. अथेन्सच्या अक्रोपोलिस म्युझियममधे एक पोरगा आहे, क्रिटिओस नावाच्या शिल्पकाराचा म्हणतात. याने वजन डाव्या पायावर टाकलं, उजवा गुडघा सैल सोडला, आणि त्याबरोबर कंबर तिरकी झाली, मान किंचित वळली. बसस्टॉपवर पोरं उभी राहतात ना, तसा. हसूही गेलं तोंडावरचं, त्याची आता गरजच नव्हती. यापुढे ब्राँझ येतं, कारण ब्राँझ आतून पोकळ आणि घोटे मजबूत. आणि रोमनांनी त्याच मूर्ती परत संगमरवरात केल्या तेव्हा पायाला झाडाचं खोड चिकटवावं लागलं. परत आपलं वारूळच आलं की हो! रंगाचं सांगायचं राहिलं, हे सगळे रंगवलेले असायचे. ते प्रश्नोत्तरात.

दोन मिनिटं? एकच सांगतो. त्या पोराची उंची माहितीय? एक मीटर सतरा सेंटिमीटर. दहा मीटरचा राक्षस खाणीत पडून राहिला आणि हे एवढंसं पोर कंबर हलवून मोकळं झालं. धड आधी सापडलं, डोकं वीसेक वर्षांनी. पावलं मात्र नाहीत. त्याचेही घोटे गेलेत.