‘रिटर्न टू होम’ दाबण्याआधी: नवीन ड्रोनवाल्यांसाठी

नमस्कार मंडळी! गेल्या व्हिडिओखाली एकच प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की आज ठरलेला विषय बाजूला ठेवला. “ताई, नवीन ड्रोन घेतलाय, पहिल्यांदा उडवताना काय बघू?”

सोप्या गोष्टी भराभर सांगते. पंख्याला चीर दिसली की पंखा बदलायचा, चिकटवायचा नाही. फुगलेली बॅटरी लावायची नाही. मैदान मोकळं हवं, वारा कमी हवा, खाली माणसं नकोत. ड्रोनचं तोंड तुमच्याकडे वळलं की डावं-उजवं उलटं होतं, म्हणून सुरुवातीला त्याची पाठ तुमच्याकडे ठेवा. झालं.

आता नियम. प्रत्येक देशाचे वेगळे असतात. जिथे उडवणार तिथल्या विमान वाहतूक खात्याचा नकाशा त्याच दिवशी उघडून बघा, कारण बंदीची जागा कालच्यापेक्षा आज वेगळी असू शकते. दोन आकडे मात्र खूप ठिकाणी भेटतात: 250 ग्रॅम आणि 120 मीटर. पहिला वजनाचा, दुसरा जमिनीपासून किती वर जायचं त्याचा. “माझा 249 ग्रॅमचा आहे, मला काहीच लागू नाही ना?” ही कमेंट मला रोज येते. अहो, लागू आहे! हलका ड्रोनसुद्धा विमानतळाजवळ चालत नाही. आणि वजन धरतात ते उडतानाचं. पंख्यांना गार्ड लावलंत, वर छोटा दिवा चिकटवलात, की 249 चे 280 कधी होतात कळत नाही. सगळं लावून वजनकाट्यावर ठेवा आणि मग मला सांगा.

ड्रोन डोळ्यांना दिसला पाहिजे, हाही नियम जवळपास सगळीकडे आहे. स्क्रीनवर दिसतो म्हणजे दिसला असं नाही. जानेवारी 2025 मध्ये लॉस एंजेलिसला वणवा पेटला होता. एकाने तो बघायला ड्रोन सोडला, ड्रोन अडीच किलोमीटर लांब गेला आणि दिसेनासा झाला. तो आग विझवणाऱ्या विमानाच्या पंखावर आदळला, पंखाला भोक पडलं. विमान सुखरूप उतरलं, पण पुढचे काही दिवस त्याला उडता आलं नाही. तेही वणवा पेटलेला असताना! हे वाचलं तेव्हा मला रात्री झोप लागली नाही.

आता ज्यासाठी बसलेय तो मुद्दा. (रिमोट कॅमेऱ्यासमोर धरून) हे बटण दिसतंय? रिटर्न टू होम. नवीन माणसाला वाटतं, हे दाबलं की ड्रोन वाट शोधत घरी येतो. काही नवे ड्रोन तसं करतात, पण बरेच ड्रोन वाट शोधत नाहीत. असा ड्रोन आधी ठरलेल्या उंचीपर्यंत चढतो, सरळ रेषेत येतो आणि खाली उतरतो. ती उंची कोणी ठरवायची? तुम्ही. उडवायच्या आधी.

माझा पहिला ड्रोन याच कारणाने गेला. सेटिंगमध्ये उंची 20 मीटर होती, मी बघितलीच नव्हती. एका उंच झाडामागे गेला, सिग्नल तुटला, आणि त्याने आपणहून परतीचा रस्ता धरला. 20 मीटरपर्यंत चढला आणि थेट शेंड्यात घुसला. पानांचा भुगा उडताना दिसला आणि पंख्यांचा आवाज एकदम थांबला. तो आवाज थांबलेला मला अजून आठवतो. ड्रोनने सांगितलं तसंच केलं होतं.

तुम्ही म्हणाल, माझ्या ड्रोनला अडथळे ओळखणारे सेन्सर आहेत. आहेत ना. पण वीजेची बारीक तार, पानं गळालेली फांदी, काळोख, यांच्यापुढे त्यांचा भरवसा धरू नका. उंची ठरवावीच लागते. आसपासची सगळ्यात उंच गोष्ट बघा, तिच्यावर दहा-पंधरा मीटर जास्त धरा, आणि हे सगळं नियमाच्या मर्यादेत बसत नसेल तर दुसरी जागा शोधा.

अजून एक. ही उंची तुम्ही जिथून उडवलं तिथून मोजली जाते. टेकडीच्या पायथ्याशी उभे आहात, उंची 40 ठेवलीत, टेकडी 60 मीटरची आहे. ड्रोन पलीकडच्या अंगाला गेला आणि सिग्नल तुटला, तर 40 मीटरवरून सरळ तुमच्याकडे निघेल. मधे काय आहे? टेकडी.

आणि ‘होम’ म्हणजे तरी काय? तुम्ही नाही! उपग्रहांचा सिग्नल नीट मिळाल्यावर ड्रोनने नोंदवलेली जागा. पाच उपग्रह दिसत असताना घाईने उडवलात, तर बऱ्याच ड्रोनमध्ये होम पॉइंट नंतर हवेतच नोंदला जातो, म्हणजे तो त्या क्षणी जिथे असेल तिथे. एका दादांनी कमेंटमध्ये विचारलंय, चालत्या होडीतून उडवू का? दादा, होडी पुढे जाईल आणि ड्रोन जुन्या जागी उतरेल. पाण्यात. नवीन असताना नकोच.

परत बोलवायला बॅटरी संपत येईपर्यंतही थांबू नका. वर वारा जास्त असतो, आणि समोरून असेल तर यायला जायच्या दुप्पट बॅटरीसुद्धा खाईल. जाताना वाऱ्याविरुद्ध जा, येताना तो मदत करेल.

चला, आता मी उडवते, स्क्रीनवर लक्ष ठेवा. उपग्रह... सात. थांबते. अकरा. चौदा. ऐकलंत? होम पॉइंट नोंदवला म्हणाला. समोरचं झाड साधारण 18 मीटर, म्हणून परतीची उंची 35. वर फांदी नाही, तारा नाहीत. दोन मीटरवर नेते आणि तिथेच थांबवते. हलतोय का? नाही. आता पुढे.